४×५ निगेटिव्हवर वारंवार येणारे काळपट पट्टे आणि फॉग: प्रकाश कुठून शिरतो ते कसं शोधायचं

शीट फिल्मवर (४×५ इंचांच्या सुट्या तुकड्यांच्या फिल्मवर) काम सुरू केलं की एक तक्रार हमखास येते. निगेटिव्हच्या एका कडेकडून आत पसरलेला काळपट पट्टा, कोपऱ्यातला धुरकट डाग, किंवा सगळ्या चित्रावर राखाडी झाक, म्हणजे फॉग. एका शीटवर दिसतो, पुढच्यावर नसतो, तिसऱ्यावर दुसऱ्याच बाजूला उमटतो. मग बहुतेक जण बेलोजवर (लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घड्यांच्या भात्यावर) संशय घेतात आणि सगळ्या घड्यांवर काळी टेप चिकटवत सुटतात. बेलोज दोषी असतो, पण वाटतं त्यापेक्षा खूप कमी वेळा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या बाबतीत डार्क स्लाइड (फिल्मपुढचं सरकतं काळं झाकण) काढण्या-घालण्याची पद्धत आणि फिल्म भरण्याची जागा या दोन ठिकाणी दोष जास्त सापडतो.

शोध घ्यायला महागडं साधन लागत नाही. प्रकाश कोणत्या टप्प्यावर लागला याची नोंद निगेटिव्हनेच ठेवलेली असते, ती नीट वाचायची. खालची सगळी वर्णनं निगेटिव्हची आहेत: जादा प्रकाश तिथे काळा दिसतो आणि स्कॅन उलटा केल्यावर पांढुरका. स्कॅनवरून निदान करू नका. स्कॅनर सॉफ्टवेअर किनार कापून टाकतं, आणि खरी माहिती किनारीतच असते.

पहिलं काम: किनार पाहा

फिल्म ज्या चपट्या चौकटीत भरून कॅमेऱ्यात बसवतात त्या होल्डरमध्ये फिल्मच्या दोन्ही लांब कडा बारीक पट्ट्यांखाली सरकतात. एक आखूड कड टोकाच्या खोबणीत जाते, दुसरी फ्लॅपखाली (होल्डरच्या टोकाच्या बिजागरीच्या झडपेखाली) दाबली जाते. त्यामुळे कॅमेऱ्यात समोरून येणारा प्रकाश या कडांवर पडत नाही आणि धुतलेल्या निगेटिव्हला चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटरची स्वच्छ, पारदर्शक किनार मिळते. लाइट टेबलवर (खालून उजळलेल्या काचेवर) ती बारकाईने पाहा.

किनार स्वच्छ आहे आणि काळपटपणा चित्राच्या हद्दीवर रेघ मारल्यासारखा थांबतो, तर प्रकाश डार्क स्लाइड बाहेर असताना कॅमेऱ्याच्या आतून किंवा स्लाइडच्या फटीतून आला. फिल्म भरताना, डबीत किंवा डेव्हलप करताना तो लागलेला नाही. एवढ्याने निम्मा शोध संपतो.

किनारही काळवंडली असेल, तर फिल्म होल्डरच्या पट्ट्यांखाली नसताना प्रकाश लागला (डबी, भरणं, काढणं, डेव्हलपिंग), किंवा होल्डरच्याच फ्लॅपमधून फिल्मच्या पातळीवर आत शिरला.

एक अपवाद लक्षात ठेवा. गळती फार तीव्र असेल तर प्रकाश फिल्मच्या बेसमधून आडवा पसरतो आणि किनारीतही थोडा झिरपतो. गडद पट्ट्याला लागून किनारीचा मिलिमीटरभर भाग करडा झाला असेल, पण उरलेली किनार काचेसारखी स्वच्छ असेल, तर तो पहिल्याच गटात धरा.

निगेटिव्ह कॅमेऱ्यात होतं तसं धरा

डाग उजवीकडे आहे असं म्हणताना कोणाची उजवी हे ठरवणं गरजेचं आहे. निगेटिव्हची चकचकीत बाजू आपल्याकडे करा आणि चित्र डोक्यावर उलटं धरा. कॅमेऱ्यामागे उभं राहून पाहिलं तर फिल्म अशीच बसलेली होती. आता निगेटिव्हची वरची कड म्हणजे कॅमेऱ्याची वरची बाजू आणि उजवी कड म्हणजे तुमच्या उजव्या हाताची बाजू. डाग या स्थितीत कागदावर रेखाटून ठेवा.

यापुढची सवय पहिल्या दिवसापासून लावावी: फिल्म नेहमी एकाच दिशेने भरायची. आखूड कड वर धरली आणि फिल्मच्या कडेला कापलेली खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली, तर इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) आपल्याकडे असतं. होल्डरचा फ्लॅप आपल्याकडे ठेवून इमल्शन वर करून खाचेची कड शेवटी आत जाईल अशी फिल्म सरकवली, तर खाच आपल्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात फ्लॅपजवळ राहते. मग तयार निगेटिव्हवर खाचेची कड म्हणजे फ्लॅपची बाजू आणि समोरची कड म्हणजे स्लाइडच्या मुठीची बाजू. गळती होल्डरच्या कोणत्या टोकाला आहे हे न विचारता कळतं.

होल्डरला बाहेरून क्रमांक द्या, प्रत्येक बाजूला वेगळा. आणखी पक्की पद्धत म्हणजे फ्लॅपच्या, फिल्मवर येणाऱ्या कडेला बारीक त्रिकोणी कानशीने खाचा पाडणं: पहिल्या होल्डरला एक, दुसऱ्याला दोन. प्रत्येक निगेटिव्हच्या किनारीत तेवढे काळे दात उमटतात आणि पाच शीट एकत्र धुतल्या तरी कोणती कुठून आली हे चुकत नाही. कानस मारल्यावर भुसा ब्लोअरने आणि ओलसर कापडाने पूर्ण काढा, नाहीतर तोच पुढे फिल्मवर बसतो.

किनार स्वच्छ आहे: दोष कॅमेऱ्याजवळ

*डार्क स्लाइड.* सगळ्यात आधी इथेच पाहा. होल्डरच्या मुठीकडच्या टोकाला स्लाइड ज्या फटीतून जाते तिथे मखमल आणि तिला दाबणारी लवचीक पट्टी असते. स्लाइड पूर्ण बाहेर आली की ही फट आपोआप मिटते. स्लाइड परत घालताना एक कोपरा आधी टेकवला, तर त्या कोपऱ्यापाशी फट उघडते, बाकीची उघडझाप करते आणि प्रकाश पाचरीच्या आकारात आत येतो. मुठीच्या कडेवर रुंद आणि आत निमुळता होत जाणारा तिरका काळा पट्टा दिसला की दुसरीकडे शोधूच नका. स्लाइड दोन्ही कोपरे एकाच वेळी टेकतील अशी सरळ घाला, सरळ काढा, आणि उन्हात असाल तर हे सगळं काळ्या कापडाखाली करा.

दुसरी चूक ओढण्याच्या जोराची. स्लाइड घट्ट असली की ओढताना होल्डरही कॅमेऱ्याच्या पाठीपासून किंचित उचलला जातो. स्प्रिंगच्या पाठीत तर नक्कीच, कारण तिथे होल्डरला फक्त स्प्रिंगचा दाब धरून असतो. एका हाताने होल्डरचं टोक कॅमेऱ्यावर दाबून धरा आणि दुसऱ्याने स्लाइड ओढा. होल्डर बसवतानाही त्याच्यावरची आडवी उंच रेघ पाठीतल्या खाचेत पडल्याचा हलका ठोका जाणवला पाहिजे. ती खाचेत पडली नाही, तर कडेला सरळ, लांब, एकसारखा पट्टा येतो आणि चित्रही नेहमीच्या जागेवरून सरकलेलं दिसतं.

पद्धत बरोबर असूनही एकाच क्रमांकाच्या होल्डरवर पट्टा येत राहिला, तर मखमल झिजली आहे किंवा आतली पट्टी सपाट झाली आहे. जुन्या लाकडी होल्डरमध्ये हे नेहमीचं. मखमल बदलता येते, पण जाडी थोडी चुकली तरी स्लाइड अडकते किंवा फट उघडी राहते. नवख्या माणसाने तो होल्डर बाजूला काढून सरावासाठी ठेवणं चांगलं.

*शटर आणि प्रीव्ह्यूची दांडी.* ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागच्या धुरकट काचेवर) फोकस करताना प्रीव्ह्यूच्या दांडीने शटर उघडं ठेवलेलं असतं. ते मिटायला विसरून स्लाइड ओढली, तर सगळी शीट गडद काळी येते. हे ओळखायला सोपं आहे. फसवतो तो अर्धवट मिटलेला शटर: पाती पूर्ण न जुळल्याने मधोमध किंवा सर्वत्र हलकी झाक येते आणि सावल्यांमधला तपशील विरतो. स्लाइड ओढण्यापूर्वीचा क्रम तोंडपाठ हवा: प्रीव्ह्यू बंद, अॅपर्चर ठरवलेल्या अंकावर, वेळ लावली, शटर कॉक केलं (ताणून सज्ज केलं), एकदा रिकामं चालवून लेन्समधून पाहिलं, पुन्हा कॉक केलं. मगच स्लाइड.

*लेन्सबोर्ड.* लेन्स ज्या फळीवर बसते तिच्या तीन जागा तपासा. बोर्डची कड पुढच्या चौकटीत पूर्ण बसली आहे का आणि वरची सरकपट्टी पूर्ण खाली आली आहे का. शटर मागून धरणारी कडी सैल आहे का. बोटांनी शटर फिरवून पाहिलं की लगेच कळतं. आणि तिसरी, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते: शटर फिरू नये म्हणून त्याच्या मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो आणि त्यासाठी बोर्डच्या भोकाला खाच असते. पूर्वीच्या मालकाने स्क्रू काढून टाकला असेल, तर ती खाच मोकळी राहते आणि प्रकाशाला सरळ वाट मिळते. काळ्या टेपचा मिलिमीटरभराचा तुकडा पुरेसा आहे.

*बेलोज.* भोकं पडतात ती कोपऱ्यांवर. सपाट बाजूंना आत कडक पट्ट्यांचा आधार असतो. कोपऱ्यावर तो नसतो आणि तिथलं कापड किंवा चामडं प्रत्येक उघडझापीत दोन्ही दिशांनी मुडपतं. बेलोजची खूण अशी की काळपट डाग मऊ कडांचा असतो, फिल्मच्या मध्याकडेही पडू शकतो, आणि बेलोज किती ताणला, किती तिरका केला त्यानुसार जागा बदलतो. दर शीटवर जागा वेगळी, पण होल्डरचा क्रमांक कोणताही असो, डाग येतोच. असं असेल तर बेलोज.

तपासणी अंधाऱ्या खोलीतच करा. लेन्सबोर्ड लावलेला, शटर बंद, ग्राउंड ग्लास काढलेला. बेलोज पूर्ण ताणा, आत छोटा एलईडी टॉर्च फिरवा आणि बाहेरून कोपऱ्याकोपऱ्याने पाहा. खोलीत पाचेक मिनिटं काढून डोळे अंधाराला सरावू द्या, घाईने पाहिलं तर बारीक भोकं दिसत नाहीत. मग पुढची चौकट वर-खाली करा, तिरकी करा, आणि पुन्हा पाहा. सरळ ताणलेल्या बेलोजमध्ये मिटलेलं भोक तिरकं केल्यावर उघडतं.

दुरुस्ती करताना जाडी हा खरा शत्रू. सुईच्या टोकाएवढ्या भोकांना लवचीक काळा रबरी रंग किंवा कापडावरचा काळा अॅक्रेलिक रंग पातळ थरांत लावा. बेलोज ताणलेला असू द्या, प्रत्येक थर वाळू द्या आणि शेवटचा लावल्यावर निदान एक दिवस मिटू नका. नाहीतर घड्या एकमेकांना चिकटून उघडताना मोठी फाट पडते. चिकटपणा उरला तर टाल्कम पावडर हलकेच लावून झटका. कोपरा फाटला असेल तर पातळ काळ्या कापडाची पट्टी लवचीक गोंदाने लावावी लागते. वायरिंगची पीव्हीसी टेप वापरू नका. उष्णतेने तिचा गोंद पाझरतो आणि घड्या खराब करतो. आणि दहा कोपऱ्यांतून तारे दिसत असतील, तर रंग लावण्यात वेळ घालवू नका. तो बेलोज बदलायचाच आहे.

*स्लाइड किती वेळ बाहेर होती.* कॅमेऱ्यातल्या गळतीची सगळ्यात खात्रीची कसोटी हीच. शटरचा वेळ तोच ठेवून एक शीट स्लाइड पाच सेकंद बाहेर ठेवून आणि दुसरी एक मिनिट बाहेर ठेवून घ्या. डाग दुसरीवर ठळकपणे जास्त असेल तर गळती आहे. दोन्हींवर सारखा असेल तर प्रकाश शटर उघडं असतानाच, लेन्समधून आला. मग विषय गळतीचा राहात नाही, तो फ्लेअरचा आहे. चौकटीबाहेरचं उजळ आकाश बेलोजच्या आत पडून परावर्तित होतं आणि सगळ्या चित्रावर पातळ झाक येते. त्याला उपाय टेप नाही, लेन्सपुढची सावली: कंपेंडियम (भात्यासारखा लेन्स हूड), किंवा हातात धरलेली डार्क स्लाइड, लेन्सवर ऊन पडणार नाही पण चौकटीत येणार नाही अशी.

किनारही काळी आहे: दोष कॅमेऱ्याबाहेर

पट्टा फक्त खाचेच्या कडेला असेल आणि तो किनारीतूनच सुरू होत असेल, तर फ्लॅप पाहा. त्याची बिजागरी म्हणजे एक कापडी किंवा प्लॅस्टिकची टेप. वर्षांनुवर्षं दुमडून ती तडकते. फ्लॅप उघडून मागून टॉर्च लावला की तडे दिसतात. जुनी टेप सोला, गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पातळ काळी कापडी टेप लावा, फ्लॅप बंद आणि स्लाइड आत असताना. उघड्या फ्लॅपवर लावली तर तो पूर्ण मिटत नाही.

एकाच डबीतल्या अनेक शीट्सच्या एकाच कडेला फॉग असेल, तर डबी. शीट फिल्मची डबी एकात एक बसणाऱ्या तीन भागांची असते. प्रकाश अडतो तो त्यांच्या कडा एकमेकींवर उलटसुलट चढल्यामुळे. मधला भाग चुकीच्या दिशेने घातला किंवा एक भाग वगळला तर कडेने प्रकाश शिरतो, आणि तो वरच्या शीट्सवर जास्त, खालच्यांवर कमी असा उतरत जातो. रिकाम्या डबीवर उजेडात, मग डोळे मिटून, हा क्रम पक्का करा. फिल्म कायम तिच्या आतल्या पिशवीतच ठेवा.

किनारीसकट सगळी शीट एकसारखी करडी असेल तर तीन शक्यता उरतात. फिल्म जुनी आहे, डेव्हलपिंग फार गरम किंवा फार लांबलं, किंवा भरण्याची जागा खरोखर अंधारी नाही. पहिल्या दोन शक्यता तपासायला एक शीट डबीतून काढून थेट डेव्हलप करा, होल्डरमध्ये न भरता. विमानतळावरच्या सीटी स्कॅनरमधून गेलेल्या फिल्मवरही किनारीसकट फॉग येतो. न धुतलेली फिल्म तिथे हाताने तपासून घ्यायला सांगावं.

खोलीची तपासणी नाण्याने होते. अंधारात एक शीट इमल्शन वर करून टेबलावर ठेवा, तिच्यावर दोन-तीन नाणी ठेवा आणि दहा मिनिटांनी डेव्हलप करा. नाण्यांच्या जागी पांढुरकी वर्तुळं दिसली, तर खोली गळते. हीच चाचणी कॅमेऱ्यात हलकी एक्सपोज केलेल्या शीटवर केली तर निकाल कितीतरी नेमका मिळतो. कारण अगदी मंद प्रकाश एकट्याने फिल्मवर दिसण्याएवढा काळेपणा देत नाही, पण आधीच प्रकाश मिळालेल्या जागी तो भर घालतो, आणि तुमच्या खऱ्या शीट्स तशाच असतात. खोलीत शिरून दहा मिनिटं बसा. त्यानंतर दाराखालची रेघ, चार्जरवरचा दिवा, राउटर, घड्याळाचे चमकते काटे दिसू लागतात. चेंजिंग बॅगेत (हात घालून फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत) भरत असाल तर दोन्ही झिपा पूर्ण आणि आडव्या-उभ्या एकमेकींवर झाकलेल्या हव्यात, बाह्या कोपराच्या वर, आणि बॅग उन्हात नको.

डेव्हलपिंग टाकीतही फट राहते. पॅटरसन टाकीत मधली नळी नसेल तर झाकणाच्या नरसाळ्यातून थेट प्रकाश येतो. एमओडी५४ सारखं शीटचं रिळ वापरताना नळी विसरण्याचा प्रकार वारंवार होतो. अशा शीट्सवर फॉग मध्याच्या बाजूने तीव्र असतो आणि किनार-चित्र असा भेद करत नाही.

फॉग वाटतो, पण नाही

इथे खूप जण फसतात आणि निर्दोष कॅमेरा उघडत बसतात. असमान डेव्हलपिंगमुळेही कडेला काळपट पट्टे येतात. ओळखण्याचा मार्ग सरळ आहे. गळतीचा प्रकाश सावल्यांमध्येही काळेपणा वाढवतो, कारण तो चित्रावर वरून घातलेला जादा प्रकाश आहे. असमान डेव्हलपिंग मात्र फिल्मला मिळालेल्या प्रकाशाच्या प्रमाणातच फरक करतं: एकसारख्या आकाशात पट्टा ठळक, त्याच पट्ट्याखालच्या गडद सावलीत जवळजवळ नाहीसा. आणि किनारीत काहीच नाही, कारण तिथे डेव्हलप व्हायला काही नसतं.

ट्रेमध्ये कडा गडद होण्याचं कारण बहुधा घाईचं हलवणं. २०×२५ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये एक लिटर द्रव, २० अंश सेल्सियस, सुरुवातीला एका वेळी एकच शीट, आणि ट्रेचा एक कोपरा हलकेच उचलून ठेवणं, आळीपाळीने चारही बाजूंनी. शीट्सची चळत फिरवायची असेल तर आधी त्यांना दोन मिनिटं साध्या पाण्यात एकेक करून भिजवा, नाहीतर त्या एकमेकींना चिकटतात आणि चिकटलेल्या जागी फिकट, वेड्यावाकड्या कडांचे डाग राहतात. हँगर (शीट अडकवून द्रवात बुडवायच्या चौकटी) वापरत असाल तर त्यांच्या कडेच्या भोकांतून द्रव जोराने वाहतो आणि तिथे गडद रेषा येतात; सावकाश उचला, तिरके निथळू द्या. रिळात भरलेल्या शीट्स एकमेकींना टेकल्या तर तसाच डाग येतो. एमओडी५४ मध्ये सहा शीट आणि एक लिटर ही मर्यादा आहे, पण सुरुवातीला चार भरून जागा मोकळी ठेवणं शहाणपणाचं. डेव्हलपर कमी पडू नये म्हणून हिशेब असा: ४×५ च्या चार शीट्सचं क्षेत्रफळ म्हणजे ३५ मिमीचा ३६ फोटोंचा एक रोल. एका रोलला जेवढा मूळ डेव्हलपर लागतो तेवढा चार शीट्सना लागतो, पाणी कितीही घाला.

दुधी, अपारदर्शक ठिपके दिसले तर तो फॉग नसून अपुरा फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन). ताज्या फिक्सरमध्ये परत टाकून धुतलं की जातात. गुलाबी किंवा जांभळट पट्टे म्हणजे फिल्मच्या मागच्या रंगाचा थर टाकीच्या भिंतीला टेकल्यामुळे धुतला गेला नाही; उजेडात पुन्हा फिक्स करून भरपूर पाण्यात ठेवा. चित्र फिकट आणि डावं-उजवं उलटं असेल तर फिल्म पाठमोरी भरली गेली. अर्धचंद्राच्या आकाराचे बारीक डाग नखाने किंवा बोटाने फिल्म दुमडल्याचे असतात, आणि फांद्यांसारख्या काळ्या रेषा कोरड्या हवेत स्लाइड जोराने ओढल्यामुळे पडलेल्या स्थिर विजेच्या ठिणग्यांच्या.

पूर्ण पारदर्शक शीट आली तर आधी डेव्हलपर तपासा: उजेड लागलेल्या फिल्मचा तुकडा उजेडातच डेव्हलपरमध्ये टाका. काही मिनिटांत तो काळा झाला पाहिजे. झाला, तर शीटला प्रकाशच मिळाला नव्हता.

चार शीट्सची चाचणी

निगेटिव्ह वाचूनही खात्री होत नसेल, तर एका डबीतल्या चार शीट्स खर्च करा. अंदाजाने महिनाभर टेप लावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पहिली शीट डबीतून थेट डेव्हलपरमध्ये. दुसरी होल्डरमध्ये भरा आणि स्लाइड आत ठेवूनच दहा मिनिटं उन्हात ठेवा, दोन्ही बाजू आणि सगळ्या कडा उन्हाकडे फिरवत. तिसरी कॅमेऱ्यात, शटर बंद, लेन्सवर झाकण, स्लाइड काळ्या कापडाखाली बाहेर काढा, कापड काढा आणि पाच मिनिटं कॅमेरा उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवा, बेलोज नेहमीपेक्षा जास्त ताणून. चौथी तिसरीसारखीच, पण लेन्सचं झाकण काढून. चारही एकत्र डेव्हलप करा.

पहिलीवरच फॉग असेल तर फिल्म, खोली किंवा डेव्हलपिंग. दुसरीवर सुरू झाला तर होल्डर. तिसरीवर सुरू झाला तर बेलोज, लेन्सबोर्ड किंवा पाठ, आणि डागाची जागा कोणती ते सांगेल. फक्त चौथीवर आला तर शटरची पाती. पाठ आणि बेलोज यांत संशय राहिला, तर तिसरी चाचणी पाठीला काळं कापड घट्ट गुंडाळून पुन्हा करा.

फिल्म वाचवायची असेल तर कागदही चालतो. काळ्या-पांढऱ्या छपाईचा कागद लाल दिव्याखाली फिल्मच्या मापापेक्षा किंचित लहान कापून होल्डरमध्ये भरा. तो फिल्मपेक्षा कितीतरी मंद असतो, म्हणून उन्हातला वेळ वीस मिनिटांपर्यंत वाढवा. त्याची एक मर्यादा आहे: लाल प्रकाश त्याला दिसत नाही. झिजलेल्या चामड्यातून लालसर प्रकाश झिरपत असेल तर कागद स्वच्छ येईल आणि पँक्रोमॅटिक (सगळे रंग टिपणारी) फिल्म फॉग होईल. म्हणून कागदाने गळती सापडली तर ती मान्य करा, पण कागद स्वच्छ आला म्हणून कॅमेरा निर्दोष ठरवू नका. इन्फ्रारेड फिल्म वापरणाऱ्यांसाठी तर ही चाचणी निरुपयोगी आहे. काही प्लॅस्टिक स्लाइड आणि काही बेलोज साध्या प्रकाशाला बंद असूनही इन्फ्रारेडला पारदर्शक असतात.

रंगीत निगेटिव्ह फिल्मवर डागाचा रंगही उपयोगी पडतो. तिच्यात लाल प्रकाशाला संवेदनशील थर सगळ्यात खाली, बेसजवळ असतो. मागून लागलेला प्रकाश आधी तिथे पोहोचतो, म्हणून पॉझिटिव्हमध्ये डाग नारिंगी-लाल दिसतो. समोरून आलेल्या गळतीचा डाग त्या मानाने पांढुरका असतो.

दुरुस्ती झाल्यावर तिसरी शीट त्याच उन्हात, त्याच ताणलेल्या बेलोजवर पुन्हा घ्या. एका कॅमेऱ्यात दोन गळत्या असणं अगदी सामान्य आहे, आणि मोठी बुजेपर्यंत लहान दिसत नाही.